व्हॉइस नोटपासून फॉर्मल स्पेसिफिकेशनपर्यंत: कुठलं टूल कधी घ्यायचं आणि कुठे पाय घसरतो

गोव्यात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याला रिक्वायरमेंट कशी मिळते हे वेगळं सांगायला नको. पर्वरीला एक मीटिंग, मग व्हॉट्सॲपवर अर्धी कोंकणी अर्धी मराठी व्हॉइस नोट, मग कोणीतरी पाठवलेली एक्सेल ज्यात तिसऱ्या कॉलममध्ये नुसतं 'जसं बोललो तसं' लिहिलेलं, आणि एवढ्यावर तुम्ही कोड लिहायचा. साध्या वेबसाइटला हे चालून जातं. पण जिथे पैसे आहेत, यंत्र हलतंय, किंवा दोन माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीवर बोट ठेवतात, तिथे हे बोलणं अशा भाषेत उतरवावं लागतं की वाक्याचा एकच अर्थ निघेल आणि तो कॉम्प्युटरला तपासता येईल. फॉर्मल स्पेसिफिकेशन म्हणतात ते हेच. यावर वाचायला गेलं की पहिल्याच पानावर उलटे 'ए' आणि चौकोन दिसतात आणि माणूस टॅब बंद करतो. म्हणून मी ज्या क्रमाने हे करतो तो क्रम इथे लिहून ठेवतोय. गणिताची बारावीपुरती भीती गेलेली असली की पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक टूल्समध्ये इनपुट अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायचं असतं, मी खाली सगळं देवनागरीत लिहिलंय ते वाचायला सोपं जावं म्हणून.

१. काय फॉर्मल करायचं नाही ते आधी ठरवा

नवीन माणूस उत्साहात पूर्ण डॉक्युमेंट घेऊन बसतो, दोनशे वाक्यं, आणि चाळिसाव्या वाक्याला सगळं सोडून देतो. असं करू नका. 'रिपोर्ट पीडीएफमध्ये डाउनलोड व्हावा' याला लॉजिक लागत नाही. यादीतून फक्त ती वाक्यं उचला जी चुकली तर कोणाला इजा होईल, कोणाचे पैसे जातील किंवा कोर्टकचेरी होईल. पॅरिस मेट्रोची १४ नंबरची ड्रायव्हर नसलेली लाइन १९९८ साली सुरू झाली, तिथे बी मेथड (फॉर्मल स्पेसिफिकेशनचीच एक पद्धत) वापरली होती, पण तीसुद्धा सुरक्षेशी संबंध असलेल्या भागापुरतीच. त्यांनी सगळं केलं नाही तर आपण का करायचं.

उरलेल्या वाक्यांसाठी घर्किन चांगलं, म्हणजे टेस्टची उदाहरणं साध्या वाक्यांत लिहायची पद्धत, क्युकंबर टूलमध्ये चालतं ते. घर्किन मराठीतही लिहिता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: फाईलच्या डोक्यावर लँग्वेजचा कोड 'एमआर' टाकला की 'जेव्हा', 'मग', 'आणि' हेच कीवर्ड म्हणून चालतात. क्लायंटला वाचता येतं आणि टेस्टही त्यावरून चालते. फक्त ते फॉर्मल स्पेसिफिकेशन नव्हे, ती उदाहरणं झाली. दहा उदाहरणं पास झाली म्हणून अकरावं होईलच असं नाही.

२. हाताशी काय काय लागेल

- क्लायंटकडून आलेलं सगळं मूळ मटेरियल: व्हॉइस नोट, मेल, एक्सेल, मीटिंगमध्ये बोर्डाचे काढलेले फोटो. स्वतःच्या शब्दांत केलेला सारांश नको, मूळच हवं
- क्लायंटकडचा एक माणूस जो 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकतो. मॅनेजर असायलाच हवा असं नाही, प्रत्यक्ष काम करणारा असला तर जास्त बरा
- शब्दसूचीची एक साधी फाईल, प्रत्येक नावाला एक ओळ
- जावा (अलॉय आणि टीएलए प्लस या पुढे येणाऱ्या दोन्ही टूल्सना लागतं)
- नोड आणि पायथन (फ्रेटसाठी, हे टूलही पुढे येतं), आणि फ्रेटचा सिम्युलेटर चालवायला न्यूएसएमव्ही हे टूल
- व्हीएस कोड आणि गिट

सगळी टूल्स फुकट आहेत, लायसन्स मागत बसावं लागत नाही. नोड, पायथनचं कुठलं व्हर्जन चालेल ते त्या त्या प्रोजेक्टच्या रीडमीत बघूनच टाका, लेटेस्ट आहे म्हणून टाकाल तर फ्रेटचं इन्स्टॉलेशन मध्येच अडकू शकतं. आणि इन्स्टॉल करायचं काम पावसात दुपारी काढू नका, लाईट गेली की अर्धवट डाउनलोड झालेलं फोल्डर साफ करण्यात संध्याकाळ जाते.

३. बोलणं जसंच्या तसं उतरवा, मग तोडा

आता उदाहरण घेऊ. समजा रायबंदर–चोडणसारख्या मार्गावरच्या फेरीबोटीला रॅम्प कंट्रोलर बसवायचाय, आणि आपल्याला असं सांगण्यात आलं:

'रॅम्प खाली असताना बोट हलता कामा नये, बटण दाबलं की लगेच रॅम्प वर घ्यायचा, आणि मध्ये काय अडकलं तर थांबवून हॉर्न वाजवायचा, आणि हां, इमर्जन्सी असली तर मास्टरला सगळं करता आलं पाहिजे.'

(मास्टर म्हणजे बोटीचा कप्तान.) आपल्याकडे असं वाक्य आलं म्हणजे बरंच स्पष्ट आलं म्हणायचं. तरी त्यात किमान चार वेगळ्या रिक्वायरमेंट आहेत, त्या तोडून प्रत्येकीला नंबर द्या. तोडताना काही सुधारू नका. 'लगेच' लिहिलंय तर 'लगेच'च ठेवा आणि बाजूला प्रश्नचिन्ह टाका. हात शिवशिवतात 'दोन सेकंद' लिहायला, पण ते क्लायंटने सांगायचं असतं, आपण नाही.

४. इयर्सच्या साच्यात बसवा

इथे टूल असं काही नाही, कागद-पेन्सिल पुरते. इयर्स ही वाक्यं लिहायची पद्धत रोल्स-रॉइसमध्ये ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या इंजिनाच्या कंट्रोल सिस्टिमसाठी काढली आणि २००९ मध्ये मांडली. पाचच साचे आहेत:

- नेहमी लागू: 'कंट्रोलरने अमुक करावं.'
- स्थिती असेपर्यंत: 'जोपर्यंत अमुक आहे, तोपर्यंत…'
- घटना घडली की: 'जेव्हा अमुक होतं, तेव्हा…'
- सुविधा असेल तिथे: 'ज्या बोटीत अमुक बसवलंय, त्या बोटीत…'
- नको ते झालं तर: 'जर अमुक बिघडलं, तर…'

गरज पडली तर दोन साचे जोडायचे. आपली वाक्यं आता अशी दिसतील:

र१: जोपर्यंत रॅम्प वर लॉक झालेला नाही, तोपर्यंत बोट हलू नये.
र२: जेव्हा 'निघा' बटण दाबलं जातं, तेव्हा कंट्रोलरने (किती वेळात?) रॅम्प उचलायला सुरुवात करावी.
र३: जर रॅम्प वर जाताना अडथळा लागला, तर कंट्रोलरने रॅम्प थांबवावा आणि हॉर्न वाजवावा.
र४: जेव्हा इमर्जन्सी बटण दाबलं जातं, तेव्हा मास्टरला बोट मागे घेता यावी.

'रॅम्प खाली असताना' याचं 'लॉक झालेला नाही तोपर्यंत' कसं झालं बघा. साच्यात बसवताना विचारावं लागलं की रॅम्प अर्ध्यावर असेल तेव्हा काय, आणि उत्तर आलं की तेव्हाही नाही. असे प्रश्न याच पायरीला सगळ्यात जास्त निघतात. माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तर इथे थांबा, पुढचं काही केलं नाही तरी निम्म्याहून जास्त फायदा झालेला असतो.

५. मशीनच्या हातात काय आहे ते वेगळं काढा

ही पायरी लोक उड्या मारून ओलांडतात आणि मग पुढे टूलला नावं ठेवतात. र१ मध्ये 'बोट हलू नये' असं आहे. कंट्रोलर बोट थांबवू शकतो का? मांडवीला भरती-ओहोटीचा ओढा असतो, वारा असतो, बोट कशानेही हलेल. कंट्रोलरच्या हातात फक्त इंजिनाला परवानगी देणं किंवा न देणं आहे. पामेला झेव्ह आणि मायकल जॅक्सन (गायक नव्हे, सॉफ्टवेअरवाले) यांनी १९९० च्या दशकात हा फरक नीट मांडला: जगात काय व्हावं ती रिक्वायरमेंट, मशीनने काय करावं ते स्पेसिफिकेशन, आणि मधली दरी भरायला जगाबद्दलची गृहीतकं लिहून ठेवावी लागतात.

मग आपण सरळ लिहायचं का की रॅम्प लॉक नसताना इंजिन बंद? इथेच प्रत्यक्ष काम करणारा माणूस लागतो. पुढे रॅम्प असलेली बोट गाड्या चढ-उतार होताना पुष्कळदा इंजिन हळू पुढे चालू ठेवूनच धक्क्याला टेकून राहते, इंजिन बंद केलं तर ओढ्याने सरकेल आणि स्कूटरवाला पाण्यात जाईल. ऑफिसात बसून लिहिलेली 'सुरक्षित' अट उलट धोक्याची निघाली. म्हणजे र१ ची खरी अट अशी:

र१: जोपर्यंत रॅम्प वर लॉक झालेला नाही, तोपर्यंत कंट्रोलरने इंजिन मागे घ्यायची परवानगी देऊ नये.

आणि गृहीतक म्हणून वेगळी ओळ: 'मास्टर पुढचा जोर हाताने सांभाळतो.' या ओळींची वेगळी यादी ठेवा, तपासणी करणारा पहिल्यांदा तीच मागतो.

आता शब्दसूची भरा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: कोण बदलतं (सेन्सर, माणूस की कंट्रोलर), प्रकार (हो-नाही की आकडा), आणि एका वाक्यात अर्थ. 'रॅम्प_लॉक: सेन्सर, हो-नाही, लॉकपिन पूर्ण आत गेली की हो.' एवढं पुरे.

६. वेळ आणि घटना असलेल्या वाक्यांना फ्रेट

फ्रेट हे नासाच्या एम्स रिसर्च सेंटरचं ओपन सोर्स टूल, गिटहबवर मिळतं. यात तुम्ही बंदिस्त इंग्रजीत वाक्य लिहिता आणि ते त्याचं टेंपोरल लॉजिकमध्ये (म्हणजे वेळेच्या लॉजिकमध्ये) सूत्र करून देतं, भूतकाळाचं वेगळं, भविष्यकाळाचं वेगळं. वाक्याचे सहा कप्पे: स्कोप (कुठल्या काळापुरतं लागू), कंडिशन (अट), कॉम्पोनंट (कोणी), शॅल ('करावं'), टायमिंग (किती वेळात), रिस्पॉन्स (काय). यातले कॉम्पोनंट, शॅल आणि रिस्पॉन्स सक्तीचे, बाकी ऐच्छिक. टाइप करताना प्रत्येक कप्पा वेगळ्या रंगात दिसतो, शेजारी अर्थाचं छोटं चित्र येतं. ते चित्र बघायची सवय लावा.

दोन सापळे आहेत, दोन्ही नवीन माणसाला हमखास लागतात.

पहिला सापळा, टायमिंगचा कप्पा रिकामा सोडणं. रिकामा म्हणजे 'लगेच' नव्हे. फ्रेट तिथे 'इव्हेंच्युअली' धरतं, म्हणजे कधीतरी पुढे. 'बटण दाबलं की रॅम्प उचलावा' असं टायमिंगशिवाय लिहिलं तर रॅम्प उद्या सकाळी उचलला तरी टूलच्या मते सगळं बरोबर.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण वाक्य वाचायला अगदी बरोबर वाटतं. र१ बहुतेक जण असं लिहितात: 'व्हेन नॉट रॅम्प_लॉक द कंट्रोलर शॅल ऑलवेज सॅटिस्फाय नॉट मागे_परवानगी.' कानाला ठीक. पण 'व्हेन' ही अट ज्या क्षणी खोट्याची खरी होते तो क्षण पकडते, आणि 'ऑलवेज' तिथून स्कोप संपेपर्यंत चालतं. स्कोप दिलेलाच नाही, म्हणजे कायमचं. अर्थ झाला: एकदा रॅम्प खाली आला की ही बोट पुन्हा जन्मात मागे जायची नाही! हे सिम्युलेटरमध्ये दिसतं. सिम्युलेटर उघडलात की प्रत्येक व्हेरिएबलची एक आडवी रेघ येते, ती क्लिक करून खालीवर करायची. रॅम्प_लॉक तीन ठोके (म्हणजे पावलं) खाली ठेवा, मग वर करा, मग मागे_परवानगी वर करा. सूत्र 'खोटं' दाखवेल, जिथे आपल्याला 'खरं' हवं होतं. बरोबर वाक्य साधं आहे, अट सगळी रिस्पॉन्समध्ये टाकायची: 'द कंट्रोलर शॅल ऑलवेज सॅटिस्फाय इफ नॉट रॅम्प_लॉक देन नॉट मागे_परवानगी.'

म्हणून माझा नियम असा की प्रत्येक वाक्यासाठी सिम्युलेटरमध्ये एक चांगली गोष्ट आणि एक वाईट गोष्ट हाताने खेळून बघायची. वाईट गोष्टीला टूल 'खोटं' म्हणालं नाही तर वाक्य काही कामाचं नाही.

वेळेबद्दल एक: लॉजिक पावलं मोजतं, घड्याळ नाही. कंट्रोलर १०० मिलिसेकंदांना एकदा फिरत असेल तर २ सेकंद म्हणजे २० पावलं. हे रूपांतर शब्दसूचीत लिहून ठेवा, नाहीतर हार्डवेअरवाला सायकल बदलतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आता सगळी वाक्यं एकत्र. फ्रेटमध्ये रिअलायझेबिलिटी चेक आहे, म्हणजे इनपुट काहीही आलं तरी सगळ्या अटी पाळणारं आउटपुट देता येईल का ते बघतं (त्यासाठी जेकाइंड किंवा काइंड २ हे टूल वेगळं टाकावं लागतं). आपल्या चार वाक्यांवर चालवलं की ते 'नाही' म्हणेल. रॅम्प खाली आहे आणि मास्टरने इमर्जन्सी दाबली: र४ म्हणतं मागे जाऊ द्या, र१ म्हणतं देऊ नका. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या एकाच व्हॉइस नोटमधली, एका दमात बोललेली. यात कुठली जिंकणार हे इंजिनियरने ठरवायचं नाही, लेखी प्रश्न पाठवायचा. उत्तर काहीही येवो (आग लागली असेल तर रॅम्प तसाच लटकत ठेवून मागे जाणं बरोबर असूही शकतं), पण ते कोणीतरी सही करून दिलेलं असेल.

फ्रेट खेळण्यातलं वाटत असेल तर सांगतो, नासाच्या लोकांनी ते लॉकहीड मार्टिनने दिलेल्या सायबर-फिजिकल चॅलेंज प्रॉब्लेम्सवर चालवून दाखवलंय. सिम्युलिंक वापरत असाल तर कोकोसिम या टूलमार्गे मॉडेलवर तपासणीही लावता येते. वेर्णा औद्योगिक वसाहतीत एंबेडेड काम करणाऱ्यांनी तो भाग जरूर बघावा.

७. डेटा आणि नात्यांच्या वाक्यांना अलॉय

सगळीच रिक्वायरमेंट यंत्राची नसते. कळंगुटच्या गेस्टहाऊसचं बुकिंग घ्या: 'एका रूमला एका तारखेला दोन बुकिंग नकोत.' इथे वेळेचं लॉजिक नको, वस्तू आणि त्यांची नाती हवीत. त्यासाठी अलॉय. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांच्या गटाने केलेलं. एकच जार फाईल, डबल क्लिक केलं की सुरू. २०२१ च्या अलॉय ६ पासून बदलत्या स्थितीही लिहिता येतात.

रूम, बुकिंग, तारीख असे प्रकार लिहायचे, नियम लिहायचा, मग 'चेक'. टूल लहान आकारात, समजा ३ रूम ३ बुकिंग ४ तारखा, सगळ्या शक्यता धुंडाळतं आणि नियम मोडणारं उदाहरण सापडलं की चित्र काढून दाखवतं. बुकिंगच्या मॉडेलवर पहिल्यांदा काय काय निघतं ते सांगतो. चेकआउट आणि दुसऱ्याचं चेकइन एकाच तारखेला आलं तर टक्कर दाखवतं, जी खरं म्हणजे टक्कर नाही, सकाळी ११ ला एक गेला दुपारी १ ला दुसरा आला, हंगामात रोज होतं. मग तुम्ही 'पर्यंत'ची तारीख धरायची नाही असं ठरवता, तर पुढचं चित्र येतं ज्यात 'पासून' आणि 'पर्यंत' एकच, म्हणजे शून्य रात्रींचं बुकिंग, जे कोणाशीच टक्कर घेत नाही आणि मुकाट्याने सिस्टिममध्ये बसतं. ते बंद केलं की रद्द केलेलं बुकिंग अजून रूम अडवून बसलेलं. हे तीन प्रश्न क्लायंटला विचारा, तुमच्याकडे बघायची त्याची नजर बदलते.

अलॉयचे सापळे:

'फॅक्ट'मध्ये (मॉडेलमध्ये नेहमी खऱ्या धरायच्या अटी) दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या तर एकही उदाहरण शक्य राहत नाही, आणि मग प्रत्येक 'चेक' पास होतो, हिरवं हिरवं सगळं. म्हणून चेकच्या आधी नेहमी रिकामा 'रन' (नुसतं एक उदाहरण दाखव असं सांगणारी कमांड) मारा आणि एक तरी साधं, शहाणं उदाहरण दिसतंय का बघा.

तारखांना आकडे वापरू नका. अलॉयमधला इंटिजर डिफॉल्टला ४ बिटांचा, म्हणजे उणे ८ ते ७, त्यात महिना मावत नाही. ऑर्डरिंगचं मॉड्यूल आहे, ते वापरा.

'उदाहरण सापडलं नाही' याचा अर्थ तेवढ्या आकारात सापडलं नाही, एवढाच. व्यवहारात बहुतेक घोळ लहान आकारातच दिसतात हा अनुभव आहे, पण रिपोर्टमध्ये 'सिद्ध केलं' असं लिहू नका.

८. एकाच वेळी दोघांनी हात घातला तर टीएलए प्लस

हे लेस्ली लँपोर्ट यांचं, २०१३ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालेले तेच. ॲमेझॉनने आपल्या क्लाउड सर्व्हिसेससाठी २०११ पासून वापरलं आणि त्याबद्दल २०१५ मध्ये लिहिलंही, त्यानंतर नाव जास्त पसरलं. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन टाका, आत टीएलसी नावाचा मॉडेल चेकर येतो, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्यता चालवून बघणारा. सुरुवात प्लसकॅलने करा, ते प्रोग्रामसारखं दिसतं आणि खाली टीएलए प्लसमध्ये रूपांतर होतं.

त्याच गेस्टहाऊसची पुढची रिक्वायरमेंट: 'पेमेंट येईपर्यंत रूम १५ मिनिटं धरून ठेवायची.' मॉडेलमध्ये एक रूम, दोन पाहुणे, बस. १५ मिनिटं मोजायची गरज नाही, 'होल्ड कधीही संपू शकतो' असं एक पाऊल लिहायचं. नियम: ज्याचे पैसे आले त्याला रूम मिळालेली आहे किंवा परतावा लागलेला आहे. टीएलसी थोड्याच वेळात एक गोष्ट सांगतं: पहिल्याने होल्ड घेतला, यूपीआय सुरू केलं, बँक अडकली, होल्ड संपला, दुसऱ्याने रूम घेतली, पैसे भरले, आणि मग पहिल्याचं पेमेंट 'सक्सेस' होऊन आलं. पैसे दोघांचे, रूम एक. टेस्टिंगमध्ये हे क्वचितच सापडतं कारण टेस्टरची बँक वेळेवर उत्तर देते.

सापळे इथे दोनच सांगतो. पाहुणे पाच आणि रूम दहा घेतल्यात तर स्थितींची संख्या फुगते आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलतो, दोन-तीनवरच राहा. आणि थेट टीएलए प्लसमध्ये लिहिलेलं मॉडेल नीट संपलं तरी पुढचं पाऊल नाही म्हणून टीएलसी 'डेडलॉक' ओरडतं, घाबरू नका, संपलेल्या स्थितीत तिथेच राहायचं पाऊल लिहा.

तिन्ही टूल्स एकदम शिकायला जाऊ नका. यंत्र असेल तर फ्रेट, डेटा असेल तर अलॉय, एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टी असतील तर टीएलए प्लस. हातातल्या कामाला लागेल ते एक.

९. एआयला सांगितलं तर?

सांगा, पण कशासाठी ते ठरवून. चॅटबॉटला वाक्य दिलं की सूत्र देतो, दिसतं अगदी छान. घोळ बारीक असतात: 'जर-तर'च्या जागी 'आणि' पडतं, 'पुढच्या पावलाला' ऐवजी 'कधीतरी' येतं, आणि क्लायंटने न सांगितलेली एखादी अट आपल्या मनाने भरली जाते, म्हणजे नेमका जो प्रश्न विचारायला हवा होता तोच पुसला जातो. २०२३ मध्ये आलेलं एनएलटूस्पेक नावाचं रिसर्च टूल याच्यावर चांगला उपाय करतं, पूर्ण सूत्राबरोबर वाक्याच्या कुठल्या तुकड्याचं कुठलं उपसूत्र झालं ते दाखवतं, आणि तो तुकडा तुम्ही दुरुस्त करू शकता. ते टूल वापरा किंवा नका, पद्धत उचला: तुकड्या-तुकड्याने मागायचं, प्रत्येक तुकड्यापुढे मूळ वाक्यातले शब्द लिहून घ्यायचे.

सूत्रापेक्षा दुसऱ्या दोन कामांना एआय जास्त उपयोगी पडतो असं मला वाटतं. एक, 'या वाक्यात काय काय सांगायचं राहिलंय' असे प्रश्न काढायला. दोन, 'हे वाक्य पाळलं जाईल असे तीन आणि मोडेल असे तीन प्रसंग दे' म्हणून प्रसंग काढायला, जे मग सिम्युलेटरमध्ये आपण खेळायचे. आणि क्लायंटचं डॉक्युमेंट बाहेरच्या सर्व्हिसमध्ये टाकायच्या आधी करार वाचा, गोपनीयतेचं कलम बहुतेक करारांत असतंच.

सूत्र तपासताना ड्वायर, अवरुनिन आणि कॉर्बेट यांचे पॅटर्न जवळ ठेवा. १९९९ मध्ये त्यांनी ५५५ स्पेसिफिकेशन गोळा करून बघितली, त्यातली सुमारे ९२ टक्के मोजक्या पॅटर्नमध्ये बसली: अमुक कधीच होऊ नये, नेहमी असावं, अमुक झालं की तमुक व्हावं, अमुकच्या आधी तमुक झालेलं असावं, वगैरे. तुमचं वाक्य कशातच बसत नसेल तर बहुतेक वेळा ते अजून तोडायचं राहिलंय.

१०. क्लायंटला सूत्र दाखवू नका, प्रसंग दाखवा

टेंपोरल लॉजिकचं प्रिंटआउट घेऊन गेलात तर समोरचा चहा मागवेल आणि 'तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार' म्हणेल. ही मंजुरी नव्हे. टूलने जे प्रसंग काढून दिले ते साध्या टेबलात लिहा, प्रत्येक ओळ एक पाऊल:

- ठोका १: रॅम्प खाली, गाड्या उतरतायत
- ठोका २: मास्टर 'निघा' दाबतो
- ठोका ३: रॅम्प वर जायला लागतो
- ठोका ४: अडथळा लागला, रॅम्प थांबला, हॉर्न सुरू
- ठोका ५: अडथळा निघाला. आता?

शेवटची ओळ मुद्दाम उघडी ठेवायची. रॅम्प आपोआप पुन्हा उचलायचा की बटणाची वाट बघायची, हे र३ मध्ये नव्हतंच. खलाशाला हे टेबल दाखवा, तो विचार न करता उत्तर देईल, 'बाब, परत बटण दाबल्याशिवाय नको, गुरं असतात कधी कधी.' मॅनेजरकडून हे उत्तर आलं नसतं.

उत्तरं आली की र३ चं र३अ, र३ब करा. जुना नंबर पुसून नवीन अर्थ देऊ नका, मागच्या मेलमधले सगळे संदर्भ गोंधळतात.

११. फाईली कुठे आणि कशा

मूळ वाक्य, इयर्सचं वाक्य, टूलची फाईल आणि क्लायंटचं उत्तर, चारही एकाच नंबराखाली, कोडच्याच गिट रिपॉझिटरीत. वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेलं स्पेसिफिकेशन दोन महिन्यांत शिळं होतं. फ्रेटमधून रिक्वायरमेंट जेसनमध्ये एक्स्पोर्ट होतात, त्या कमिट करा, नाहीतर त्या तुमच्या लॅपटॉपच्या डेटाबेसमध्येच राहतात आणि लॅपटॉप फॉरमॅट झाला की संपलं. अलॉय आणि टीएलए प्लसच्या फाईली साध्या टेक्स्ट आहेत, तिथे हा त्रास नाही.

रिक्वायरमेंट बदलली की आधी स्पेसिफिकेशन बदला, तपासणी परत सगळ्या वाक्यांवर चालवा, फक्त बदललेल्यावर नाही. र१ आणि र४ चं भांडण आठवा, दोन्ही एकेकटी निर्दोष होती. आणि क्लायंटचा 'छोटासा बदल' फोनवर आला तर फोन ठेवल्यावर लगेच त्याला मेसेज टाका, 'आपलं असं बोलणं झालं, नंबर अमुक, बरोबर ना?' त्याचा अंगठा आला की स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये टाका.